चार बाय सातचे स्नानगृह प्रशस्त कसे वाटेल?

निळीशाई

आमच्या घरातील एका स्नानगृहाचे नूतनीकरण करायचे ठरले आहे. फोडकाम सुरू होण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, या हेतूने हा धागा काढत आहे. खोली आतून चार फूट रुंद आणि सात फूट लांब आहे. दार चार फुटांच्या भिंतीत असून ते आतल्या बाजूला उघडते आणि समोरच्या भिंतीत वर एक लहान खिडकी आहे. आत शिरताच उजव्या हाताला वॉश बेसिन, त्यापुढे त्याच भिंतीला कमोड आणि खिडकीखाली शॉवर अशी सध्याची मांडणी आहे. फिक्या टाइल्सच्या भिंतींवर मधोमध एक गडद पट्टा फिरवलेला आहे, छताला एकच दिवा आहे आणि अंघोळ झाली की सगळी फरशी कितीतरी वेळ ओली राहते.

भिंत सरकवणे शक्य नाही. पांढऱ्या टाइल्स आणि मोठा आरसा लावा, असा सल्ला सगळेच देतात. पण एवढ्याने काम भागते का, याविषयी मला शंका आहे. माझी आई हेच स्नानगृह वापरते आणि तिची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हेही विचारात घ्यावे ही विनंती.

ओळंबा

तुमची शंका रास्त आहे. टाइल्स आणि आरसा हा डोळ्यांचा भाग झाला. खोली अपुरी वाटते ती मात्र आधी शरीराला. दार लावण्यासाठी कमोडला टेकून उभे राहावे लागत असेल किंवा तोंड धुताना कोपर भिंतीवर आपटत असेल, तर भिंतीला कोणताही रंग दिला तरी ती खोली कोंदटच वाटणार. म्हणून पहिला प्रश्न मापांचा आहे.

सुरुवात दारापासून करा. अडीच फुटांचे दार आत उघडते, तेव्हा ते फिरण्यासाठी सुमारे पाच चौरस फूट जमीन मोकळी ठेवावी लागते. तुमची संपूर्ण खोली 28 चौरस फुटांची आहे, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा केवळ दारापायी अडकून पडला आहे. दार बाहेर उघडणारे केले किंवा बाहेरच्या भिंतीवर सरकणारे बसवले, तर एकही टाइल न बदलता हा हिस्सा परत मिळतो. आईंच्या दृष्टीने याचा आणखी एक मोठा लाभ आहे. कोणी आत घसरून दाराला अडून पडले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणारे किंवा सरकणारे दार अशा वेळी उघडता येते. कडीसुद्धा बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घ्यावी.

आता लांबीची वाटणी पाहू. सात फूट म्हणजे 213 सेंटिमीटर. कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किमान 38 सेंटिमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे कमोडचा पट्टा 76 सेंटिमीटरचा झाला. शॉवरखाली मोकळेपणाने अंघोळ करायची तर 80 सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. आपण 82 धरू. उरले 55 सेंटिमीटर, तेवढ्यात बेसिन बसते. सगळे बसते, परंतु अगदी काठोकाठ. त्यामुळे बेसिनखाली कपाट असावे का, कपड्यांची टोपली कोठे ठेवावी, अशा प्रश्नांची उत्तरे या आकड्यांनीच दिलेली आहेत: जमिनीवर ठेवण्याजोगी जागा नाही.

रेघ

भिंतीला अधांतरी बसणारा कमोड घेतला तर रुंदीत बरीच जागा वाचते, असे सगळीकडे सांगितले जाते. चार फुटांच्या रुंदीत त्याचा उपयोग होईलच ना?

पाणसळ

रेघ, येथे नीट हिशेब करणे आवश्यक आहे, कारण दुकानात जे भांडे आखूड दिसते ते भिंतीवर चढल्यावर तेवढेच आखूड राहत नाही. टाकी मागे जोडलेला नेहमीचा कमोड भिंतीपासून साधारण 65 ते 70 सेंटिमीटर पुढे येतो. अधांतरी कमोडचे भांडे स्वतः 52 ते 54 सेंटिमीटरचे असते, हे खरे; पण त्याची टाकी आणि भांडे पेलणारी लोखंडी चौकट लपवण्यासाठी मागे जवळपास 15 सेंटिमीटरचा ओटा बांधावा लागतो. बेरीज केली तर आपण पुन्हा 67 ते 69 वरच येतो. चौकट भिंतीच्या जाडीत सामावत असेल किंवा 48 ते 49 सेंटिमीटरचे आखूड भांडे निवडले, तरच रुंदीत खरा फायदा होतो. साडेचार इंची भिंतीत चौकट सामावत नाही आणि सामावण्यासाठी ती भिंत पोखरूही नये.

तरीही तुमच्या जागेसाठी मी अधांतरी कमोडचीच शिफारस करेन, फक्त कारण वेगळे आहे. फरशी कमोडच्या खालून सलग भिंतीपर्यंत जाताना दिसते. उभ्या माणसाची नजर सतत जमिनीचा अंदाज घेत असते आणि जमीन जेथे संपलेली दिसते तेथेच खोली संपली असे मन धरून चालते. बेसिनही पायाशिवाय, भिंतीलाच अडकवलेले असेल, तर उजवीकडची पूर्ण कड मोकळी दिसते आणि पोछा एका ओढीत कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. मागच्या ओट्याची वरची बाजू वाया जात नाही; साबण, बाटल्या, कागदाचा रोल असे सर्व तेथे बसते, म्हणजे निराळ्या फळ्या ठोकाव्या लागत नाहीत.

वजन पेलेल का, ही भीती अनेकांना वाटते. युरोपीय मानकानुसार अशा भांड्याची चाचणी 400 किलो भाराइतक्या दाबाखाली घेतली जाते. मात्र हा भार भिंतीतील विटांवर न टाकता चौकटीच्या पायांनी खालच्या स्लॅबवर उतरवलेला असला पाहिजे. चौकट बसवताना आपण स्वतः उभे राहून हे पाहावे, कारण टाइल्स लागल्यावर ते तपासण्याचा मार्ग उरत नाही.

निळीशाई

ओळंबा आणि पाणसळ, मनःपूर्वक आभार. दार बाहेर उघडण्याइतकी जागा बोळात आहे, तेव्हा तो निर्णय झाला असे समजते. टाइल्सविषयी मार्गदर्शन करावे. मोठ्या टाइल्सनी जागा मोठी दिसते, हे खरे आहे का?

रेघ

माझे काम टाइल्सच्या मांडणीचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मोठ्या टाइलमुळे जागा मोठी दिसते, यापेक्षा सांध्यांच्या रेषा कमी झाल्यामुळे नजर कमी वेळा अडते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. त्यामुळे टाइल मोठी घेऊन सांधा चार-पाच मिलिमीटरचा आणि विरोधी रंगाचा ठेवला, तर खर्च करूनही हाती काही लागत नाही. कडा यंत्राने घासून एकसारख्या केलेल्या टाइल्स घ्याव्यात, म्हणजे सांधा 2 मिलिमीटरपर्यंत आणता येतो; त्यात टाइलच्याच रंगाचे इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवण्याचे राळेचे मिश्रण) भरावे. सिमेंटचे ग्राउट पाणी शोषून काळवंडते आणि मग जी रेषा आपण पुसली होती तीच जाळीसारखी उमटून येते.

भिंतीवरचा गडद पट्टा अवश्य काढा. छातीच्या उंचीवर फिरणारा आडवा पट्टा भिंतीचे दोन तुकडे करतो आणि छत खाली उतरल्यासारखे वाटते. टाइल्स सात फुटांवर थांबवून वर रंग देण्यानेही तेच होते. शक्य असल्यास टाइल्स थेट छतापर्यंत न्याव्यात. ते जमत नसेल तर वरच्या भागाला टाइल्सच्या छटेचाच रंग द्यावा, म्हणजे शेवटची कड उठून दिसणार नाही.

जमिनीचा प्रश्न वेगळा आहे आणि येथे मोठी टाइल थोडी अडचण करते. पाणी वाहण्यासाठी उतार लागतो, शॉवरखाली साधारणपणे मीटरला 10 ते 15 मिलिमीटर. मधोमध चौकोनी जाळी असेल तर उतार चारही बाजूंनी द्यावा लागतो आणि त्यासाठी मोठी टाइल तिरकी कापून तिचे त्रिकोण करावे लागतात. पाहणाऱ्याला सगळीकडे तिरक्या रेषा दिसतात. त्याऐवजी खिडकीखालच्या भिंतीला लागून लांबट ड्रेन चॅनल बसवावी. मग उतार एकाच दिशेने राहतो, टाइल अखंड ठेवता येते आणि दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत एकच फरशी पसरलेली दिसते. शॉवरभोवतीचा उंबरठाही आवश्यक राहत नाही, मात्र कोरड्या भागालाही चॅनलच्या दिशेने हलका उतार ठेवावा लागतो.

चमकदार टाइल भिंतीला लावावी, जमिनीला नव्हे. पुष्कळशा टाइल्स एकाच छटेत चमकदार आणि मॅट अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. भिंतीला चमकदार आणि खाली मॅट घेतली तर रंगाचा सलगपणा मोडत नाही. जर्मन मानकात घसरणरोधकतेची आर9 ते आर13 अशी प्रतवारी आहे, ओल्या भागासाठी आर10 किंवा आर11 मागावी. आर9 ची टाइल कोरडी असताना हाताला खरखरीत लागते आणि ग्राहकाची खात्री पटते. साबणाच्या पाण्यात तिचा भरवसा धरू नये.

पायवाट

रेघ यांनी सुचवलेली सलग रंगाची मांडणी डोळ्यांना सुखावणारी आहे, परंतु निळीशाई यांनी आईंच्या नजरेचा उल्लेख केला आहे आणि त्याकडे अद्याप कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

जागा प्रशस्त दिसावी म्हणून आपण कडा पुसतो: भिंत आणि जमीन एका रंगाची, कमोड पांढरा, त्यामागची भिंत पांढरी, मध्ये पारदर्शक काच. मोतीबिंदू असलेल्या किंवा काचबिंदूने नजर अधू झालेल्या माणसाला नेमक्या याच कडांचा आधार असतो. पांढऱ्या भिंतीसमोरच्या पांढऱ्या भांड्याची कड कोठे आहे हे कळत नाही आणि माणूस अंदाजाने बसतो. जमीन कोठे संपून भिंत सुरू होते हे दिसले नाही, तर पाऊल टाकताना कचरायला होते. अशा माणसाला ते स्नानगृह मोठे न वाटता अधांतरी वाटते.

रंग किती प्रकाश परावर्तित करतो याचे 0 ते 100 असे माप असते. काळ्याच्या जवळ 0 आणि शुभ्राच्या जवळ 100. रंगाच्या डब्यावर किंवा छटापत्रिकेवर ते अनेकदा एलआरव्ही या अक्षरांनी छापलेले असते. अधू दृष्टीच्या लोकांसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत शेजारच्या दोन पृष्ठभागांमध्ये या मापाचा सुमारे 30 अंकांचा फरक असावा असे सांगितले आहे. माझ्या मते हा फरक सगळीकडे आणण्याचे कारण नाही. जेथे हात पडतो, पाऊल पडते किंवा माणूस बसतो, तेवढ्याच ठिकाणी तो आणावा. कमोडची बैठक आणि आधाराचे दांडे गडद रंगाचे घ्यावेत, आणि काच बसवणार असाल तर डोळ्यांच्या उंचीवर एक पट्टी द्यावी. जमीन भिंतीपेक्षा एक-दोन छटा गडद ठेवली तरी जागा आक्रसल्यासारखी दिसत नाही, उलट पायाखाली जमीन आहे असा विश्वास वाटतो.

रेघ

पायवाट, तुमचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याने मांडणी बिघडणार नाही, याचीही खात्री देते. खोली लहान दिसते ती निरर्थक रेषांमुळे. दांड्याची गडद रेषा वापराची आहे, ती जरूर असावी. जमीन मध्यम करड्या छटेची आणि भिंती फिक्या, अशी जोडी मी स्वतः सुचवेन.

कवडसा

प्रकाशाविषयी थोडे. छताच्या मध्यावर एकच दिवा असेल तर जमिनीचा मध्य उजळतो आणि कोपरे अंधारात जातात. अंधारलेला कोपरा डोळा मोजतच नाही, म्हणून खोली आहे त्याहून लहान भासते. उजेड भिंतींवर पडला पाहिजे. तुमच्या खोलीत सर्वाधिक परिणाम समोरची, खिडकीची भिंत उजळल्याने होईल, कारण दारातून पाहताना नजर तेथेच जाऊन थांबते. त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर छतात दोन लहान दिवे बसवले आणि त्यांचा उजेड भिंतीवरून खाली घरंगळत आला, की ती भिंत मागे सरकल्यासारखी वाटते. दुसरा प्रकाश आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर द्यावा. वरून दिलेल्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात. 4000 केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचा प्रकाश बहुतेकांना स्वच्छ वाटतो. 6500 केल्विनचा निळसर प्रकाश मला तरी स्नानगृहात रुक्ष वाटतो.

शॉवरजवळच्या दिव्यांना पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकात शॉवरच्या जागेवर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा आणि तिच्या बाजूला आणखी 60 सेंटिमीटरपर्यंतचा भाग ओला धरलेला आहे. तेथे किमान आयपीएक्स4 दर्जाचेच दिवे बसवावेत.

ओळंबा

आरशाची जागा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्याकडे उणीव रुंदीची आहे, लांबीची नाही. खिडकीच्या भिंतीवर आरसा लावला तर आधीच लांबट असलेली खोली आणखी लांब, बोगद्यासारखी दिसेल. तो उजव्या, लांब भिंतीवर बेसिनच्या वर लावा आणि शक्य तर कमोडमागच्या ओट्यावरूनही तसाच पुढे न्या, म्हणजे चार फुटांची रुंदी नजरेला दुप्पट वाटेल. आरशाची खालची कड थेट ओट्यावर टेकलेली असावी. मध्ये वीतभर टाइल सोडली की आरसा भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा दिसतो आणि खोलीचा आभास मोडतो.

पाणसळ

आरसा चिकटवताना न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन वापरावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन आरशामागचा मुलामा खाते आणि कालांतराने काळे डाग उमटतात.

चौकट

शॉवरसाठी काच घ्यावी की पडदा, याविषयी कोणी लिहील का? मी भाड्याच्या घरात राहत असल्यामुळे तोडफोड न करता काय करता येईल, हेही जाणून घ्यायला आवडेल.

ओळंबा

चार फुटांच्या रुंदीत काचेचे दार बसवू नये, पुन्हा दार फिरण्याचाच प्रश्न येतो. 60 सेंटिमीटर रुंदीची एकच स्थिर काच, 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीची टफन्ड, आणि बाकीची 60 सेंटिमीटर ये-जा करण्यासाठी मोकळी, एवढे पुरते. टफन्ड काच एकदा भाजून तयार झाली की तिला कापता किंवा छिद्र पाडता येत नाही, त्यामुळे मापे टाइल्स लागल्यानंतरच द्यावीत. काच स्वच्छ असेल तरच ती जागा वाढवते. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ओघळ साचले की तीच काच धुरकट भिंत होऊन खोलीचे दोन भाग करते. अंघोळीनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून टाकण्याची सवय घरात सर्वांना लागणार नसेल, तर पडदा बरा.

पडदा निवडल्यास दांडा छताजवळ लावावा आणि कापड फिक्या, एकाच रंगाचे, जमिनीच्या किंचित वरपर्यंत पोहोचणारे घ्यावे. अंघोळ झाली की पडदा वाळवून एका बाजूला सारून ठेवावा. भाड्याच्या घरात माझा क्रम असा राहील: आधी जमिनीवरचे सर्व काही उचलून दाराच्या मागे आणि भिंतीला चिकटणाऱ्या आकड्यांवर न्यावे, नंतर दिवा बदलावा, नंतर सांधे घासून काढून वर ग्राउटचा रंग फिरवावा. आरसा सगळ्यात शेवटी, कारण पसारा तसाच असेल तर आरसा तोही दुप्पट दाखवतो.

कवडसा

ओलाव्याचा विषय राहून गेला. निळीशाई यांची फरशी अंघोळीनंतर बराच वेळ ओली राहते, आणि दमट हवेत कोणतीही खोली अंगावर आल्यासारखी वाटते. एक्झॉस्ट पंखा शॉवरच्या बाजूला, म्हणजे खिडकीत, असावा आणि दाराखाली किमान एक सेंटिमीटरची फट ठेवावी. बाहेरून हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच घरघरतो. अंघोळीनंतरही तो वीस मिनिटे चालू राहील असा टायमर लावता येतो. गॅसचा गिझर आत असल्यास तो आधी बाहेर, मोकळ्या हवेत हलवावा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि त्याने जीव जाऊ शकतो. शिवाय चालू पंखा बाहेर जाणारा वायू उलट आत ओढू शकतो.

निळीशाई

गिझर विजेचा आहे, तरीही सावध केल्याबद्दल आभार. आधाराचे दांडे नंतर, गरज पडेल तेव्हा लावले तर चालतील का? सध्या आई त्यांना नको म्हणते आहे.

पाणसळ

दांडा नंतर लावता येईल, परंतु त्याच्या मागचा आधार आताच द्यावा लागेल. ओट्यात आणि पोकळ भागात टाइल्सच्या मागे जाड प्लायवूड किंवा लोखंडी पट्टी बसवून घ्या, विटांच्या भिंतीत दांड्याची जागा सिमेंटने भरीव करून घ्या, आणि पाइप त्या जागेवरून नेऊ नका. टाइल्स लावण्याआधी भिंतींची छायाचित्रे मोजपट्टी धरून काढून ठेवा, म्हणजे पुढे छिद्र कोठे पाडायचे आणि कोठे नाही, हे दिसेल. शॉवरजवळ कोनाडा हवा असेल तर तोही याच वेळी करावा; साडेचार इंची भिंतीत न कोरता ओट्याच्या जाडीत करावा आणि त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, नाहीतर साबणाखाली पाणी साचत राहते.

हे सर्व झाल्यावर वॉटरप्रूफिंग करून घ्या. ते वाळले की ड्रेनचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरा आणि किमान 24 तास तसेच ठेवा. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने खुणेने नोंदवा, खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसते का ते पाहा, आणि दोन्ही ठीक असेल तरच टाइल्स लावणाऱ्याला बोलवा. तुमच्या मांडणीत उंबरठा नाही, त्यामुळे दाराच्या चौकटीखालचा भागही या थरात आला आहे, याची खात्री त्याच दिवशी करून घ्या.